पोस्टरवरचं आडनाव

दुर्गा खोटे तुम्ही नक्की पाहिल्या आहेत, कदाचित नाव लक्षात नसेल. 'मुघल-ए-आझम'मध्ये नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये पिळवटून निघालेली जोधाबाई म्हणजे त्याच. 'बॉबी'मध्ये ऋषी कपूरला लहानपणी सांभाळणारी आणि डिंपलची आजी असलेली मिसेस ब्रिगांझाही त्याच. तुमचे आईबाबा दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' बघत मोठे झाले असतील, तर ती मालिकाही त्यांच्याच कंपनीने काढलेली. पद्मश्री मिळाली, १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. पण आज मला या पांढऱ्या केसांच्या, सगळ्यांच्या आई आणि आजी झालेल्या दुर्गाबाईंबद्दल बोलायचं नाहीये. पंचविशीतल्या, दोन मुलांच्या, पैशांची चणचण असलेल्या एका बाईबद्दल बोलायचंय.

त्यांच्याबद्दल कुठेही वाचायला गेलात की पहिल्या दोन-चार ओळींत एक वाक्य भेटतंच: सिनेमात आलेली घरंदाज कुटुंबातली पहिली स्त्री. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, सगळीकडे हेच. फार तर 'घरंदाज'च्या जागी 'कुलीन', 'खानदानी' किंवा 'सुसंस्कृत' येतं. माझं या वाक्याशी भांडण आहे. ते अगदीच खोटं आहे असं नाही (आडनावावरची कोटी मुद्दाम टाळतेय), पण ते एकदा म्हटलं की आपण पुढचं विचारतच नाही. घरंदाज म्हणजे कोण? त्यांच्याआधी ज्या बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या त्या मग कोण होत्या? आणि इतक्या चांगल्या घरातल्या बाईला १९३१ साली सिनेमात काम करावंसं का वाटलं?

सुरुवात घरापासून करू. जन्म १४ जानेवारी १९०५. वडील पांडुरंग शामराव लाड मुंबईतले नावाजलेले सॉलिसिटर, आई मंजुळाबाई. घराणं मूळचं गोव्याकडचं, घरात बोलणं कोकणीत. राहायचं गिरगावातल्या कांदेवाडीत, मोठ्या एकत्र कुटुंबात. शाळा मात्र फोर्टातली कॅथीड्रल, म्हणजे साहेबांच्या मुलांची शाळा. मग कॉलेज सेंट झेवियर्स. मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा: कांदेवाडीतून झेवियर्स चालत फार तर वीस मिनिटांवर आहे. पण त्या वीस मिनिटांत कोकणीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत असा तीन भाषांचा प्रवास होतो. आणि ही मुलगी तो रोज करत होती.

यावर मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण आम्हाला लिहिता की 'माझं मराठी नीट नाही, घरात एक, शाळेत दुसरी आणि मित्रांत तिसरी भाषा बोलतो'. आजी-आजोबा त्यावर टोमणे मारतात, हेही लिहिता. तर लक्षात घ्या, मराठी बोलपटाचा पहिला मोठा आवाज जिचा समजला जातो, तिच्या घरची भाषा मराठी नव्हती आणि शाळेची तर नव्हतीच. गिरगाव-दादरच्या त्या काळातल्या अनेक घरांत अशीच सरमिसळ होती. 'शुद्ध' मराठी ही एकाच प्रकारच्या घरातून थेट पडद्यावर आली, असं मानायचं काही कारण नाही.

कॉलेजात असतानाच लग्न झालं. सासर श्रीमंत. खोटे हे मुंबईतलं मोठं नाव होतं. नवरा विश्वनाथ, मुलगे दोन, बकुळ आणि हरीन. (मराठी रंगभूमीची आवड असलेल्यांसाठी: दिग्दर्शिका विजया मेहता या हरीन यांच्याशी लग्न होऊन काही वर्षं विजया खोटे होत्या.) शिक्षण मागे पडलं. त्यात नवल नाही. कॉलेजचं नाव हे त्या काळी मुलीच्या स्थळाला शोभा देणारं होतं, पुढे नोकरी करण्यासाठी नव्हतं. कथा इथेच संपायला हवी होती आणि अशा शेकडो कथा इथेच संपल्या.

पण सासरच्या सुबत्तेला ओहोटी लागली. संसाराची आर्थिक घडी विस्कटली, आणि पुढे तरुण वयातच वैधव्यही आलं. दुर्गाबाईंनी 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात हा काळ लिहिलाय, आणि तो वाचताना जाणवतं ते हे की सिनेमा ही त्यांची हौस नव्हती, ओढ नव्हती, बंडही नव्हतं. पैसे हवे होते. पदवी नसलेल्या, वरच्या थरातल्या विवाहित बाईला तेव्हा काय काम मिळत होतं? शिकवण्या, कुठे शाळेत मास्तरीण, फार तर नर्सिंग. तेही 'बरं दिसेल का' ही चाळणी लावून. माहेरी परत जाऊन वडिलांवर अवलंबून राहणं हा एक मार्ग होता. तो सन्मानाचा मानला जात होता, ही गंमतच. स्वतः कमावणं त्या मानाने कमी सन्मानाचं!

आता दुसऱ्या बाजूने बघू. सिनेमाला अशा बाईची गरज का पडली?

१४ मार्च १९३१. गिरगावातच, मॅजेस्टिक थिएटरमध्ये 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलू लागला. एका झटक्यात धंद्याचे नियम बदलले. मूकपटात चेहरा, डोळे, घोडेस्वारी आणि पोशाख पुरत होते. बोलपटात माइक आला. प्लेबॅक नव्हता. तो यायला १९३५ उजाडावं लागलं. म्हणजे नटीने स्वतः बोलायचं, स्वतः गायचं, तेही शूटिंग चालू असताना, आणि साथीदार कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसून वाजवणार. 'आलम आरा'चं बरंच शूटिंग रात्री झालं, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची आणि तिचा आवाज माइकमध्ये शिरायचा.

या बदलात कोण अडचणीत आलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे सुलोचना. खरं नाव रूबी मायर्स, जन्म पुण्याचा, बगदादी ज्यू कुटुंबातला. आधी टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि १९२०च्या दशकात देशातल्या सगळ्यात मोठ्या स्टार झाल्या. त्यांना मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार आहे असं तेव्हा लोक सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण लोकांना ते खरं वाटत होतं, एवढं त्यांचं वजन होतं. बोलपट आल्यावर त्यांना वर्षभर थांबून हिंदुस्तानी शिकावी लागली. त्या परत आल्या, चाललेही त्यांचे सिनेमे, पण आता उच्चार, गळा आणि 'भाषेचे संस्कार' या गोष्टी मोजल्या जाऊ लागल्या होत्या. आणि भाषेचे संस्कार म्हटलं की त्यामागून जात, वर्ग आणि घराणं गुपचूप आत येतात. म्हणून मला वाटतं, 'घरंदाज नटी' ही जितकी समाजसुधारणेची निर्मिती आहे, तितकीच मायक्रोफोनची आहे.

आणि आता ते पोस्टर.

मोहन भवनानी हे दिग्दर्शक 'फरेबी जाल' नावाचा मूकपट करत होते. वारं बदललेलं पाहून त्यांनी त्याला थोडा बोलका भाग जोडायचं ठरवलं आणि त्यासाठी त्यांना एक नवा चेहरा हवा होता. विचारणा आधी दुर्गाबाईंच्या बहिणीला, शालिनीला झाली होती. तिने नकार दिला आणि बहिणीचं नाव सुचवलं. काम छोटं, पैसे रोख. दुर्गाबाई हो म्हणाल्या. बाकीच्या सिनेमात काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

सिनेमा लागला तेव्हा जाहिरातीत दुर्गाबाईंच्या अभिनयाबद्दल काही नव्हतं. असणार तरी काय, काम ते केवढंसं. जाहिरात होती ती नात्यांची: प्रसिद्ध सॉलिसिटर लाडांची मुलगी आणि खोटे घराण्याची सून प्रथमच पडद्यावर! सिनेमा सुमार होता. पण गिरगावात, जिथे दोन्ही घरांना ओळखणारी माणसं राहत होती, तिथे हे जाहीर झालं आणि व्हायची ती शोभा झाली. वर्तमानपत्रांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना मत होतं.

हा प्रसंग साधारणपणे 'पदार्पणात अपयश, मग जिद्दीने यश' अशा साच्यात सांगितला जातो. मला तो धंद्याच्या बाजूने बघावासा वाटतो. त्या पोस्टरवर विकायला ठेवलेला माल म्हणजे दोन आडनावं होती. एक बापाचं, एक सासऱ्याचं. सिनेमावाल्यांना प्रतिष्ठा विकत हवी होती, आणि ती या बाईबरोबर फुकटात येत होती. तिला मोबदला मिळाला तो त्या छोट्या कामाचा. आडनावांचे पैसे निर्मात्याने कमावले आणि बदनामी तिच्या वाट्याला आली. पडद्यावर कोणतीही बाई आली की तिच्या वडलांचं नाव पुढे करायचं, ही पद्धत आपल्याकडे अजून गेलेली नाही. फक्त आता त्याला वेगळे शब्द आहेत.

बरं, 'पहिली' तरी होत्या का? भवनानींच्याच वर्तुळात बघा. एनाक्षी रामा राव या सुशिक्षित घरातल्या तरुणीने १९२८ साली 'शिराझ'मध्ये नायिकेचं काम केलं होतं, आणि पुढे तिचं भवनानींशीच लग्न झालं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'वर भवनानींनी काढलेल्या मूकपटात एनाक्षींबरोबर होत्या कमलादेवी चट्टोपाध्याय. हो, त्याच, मिठाच्या सत्याग्रहातल्या, पुढे हस्तकला चळवळ उभी करणाऱ्या. आणि अजून मागे गेलं तर १९१३. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची किशोरवयीन मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. दुर्गाबाई कामत ब्राह्मण घरातल्या होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन मुलीला एकटीने वाढवत होत्या, नाटक कंपनीत काम करत होत्या. मग त्या का नाहीत 'घरंदाज घरातल्या पहिल्या'? कारण त्यांनी नवऱ्याचं घर सोडलं, त्याच दिवशी त्यांना त्या यादीतून खोडलं गेलं. घरंदाजपणा जन्माने मिळतो असं म्हणतात, पण बाईच्या बाबतीत तो टिकवायला घरातला पुरुष मागे उभा लागतो.

दुर्गा खोट्यांच्या बाबतीत तसा पुरुष मागे होता, वडिलांचं नाव होतं. त्यामुळे पहिला फटका बसूनही त्या पूर्ण बाहेर फेकल्या गेल्या नाहीत. आणि पुढचा योग कोल्हापूरहून आला.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी असे पाच भागीदार. ती मंडळी आपला पहिला बोलपट करणार होती. कथा हरिश्चंद्राची, नाव 'अयोध्येचा राजा'. तारामती हवी होती. शांतारामांनी 'फरेबी जाल' पाहिला आणि त्या फसलेल्या तुकड्यातल्या बाईला बोलावणं धाडलं. अख्खा गाव ज्याला हसत होता, त्यात एका माणसाला आपली नायिका दिसली. शांतारामांच्या नजरेबद्दल खूप लिहिलं गेलंय, त्यात हे एक नोंदवून ठेवायला हरकत नाही.

आता हरिश्चंद्राची गोष्ट आठवा. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण साडी नेसून तारामती झाला. (पुढे 'लंकादहन'मध्ये तोच राम आणि तोच सीता. असं कॅलिबर आज कुणाकडे आहे?) एकोणीस वर्षांनी तीच गोष्ट, तीच तारामती, आणि आता कॅथीड्रल-झेवियर्समध्ये शिकलेली बाई. रंगभूमीवर तर अजून बालगंधर्व शालू नेसून उभे होते. 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक, ज्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी काम केलं आणि ज्याचा उल्लेख मराठी नाटकाच्या इतिहासात वळण म्हणून होतो, ते १९३३ साली आलं. म्हणजे या बाबतीत सिनेमा नाटकाच्या पुढे होता. ज्योत्स्नाबाईंचं माहेरचं नाव, योगायोग बघा, दुर्गा केळेकर. कामत, खोटे, केळेकर: या हकिगतीत दुर्गाच दुर्गा आहेत.

तारामतीची भूमिकाच का, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. 'फरेबी जाल'ने गेलेली अब्रू परत मिळवायला पतिव्रतेइतकी सुरक्षित भूमिका दुसरी नव्हती. पौराणिक सिनेमा पाहायला बायका-पोरांसकट कुटुंबं यायची. पण ही गोष्ट नीट ऐका. राजा शब्द देऊन बसतो. त्याच्यावर ऋषीचं देणं होतं. ते फेडायला भर बाजारात आधी बायको विकली जाते. ती परक्याच्या घरी दासी होऊन राबते. घरातल्या पुरुषाचं देणं बाईच्या श्रमाने फिटतं, आणि त्याला आपण सत्त्वपरीक्षा म्हणतो, तीही राजाची. घरची घडी विस्कटल्यावर कमवायला बाहेर पडलेली एक बाई तारामतीचे ते संवाद म्हणत होती. शांतारामांच्या मनात हे होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण आपल्याला आज ते दिसल्याशिवाय राहत नाही.

आणि ते काम होतं. पुष्कळ काम. सिनेमा मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत होता, म्हणजे प्रसंग दोनदा उभा करायचा, दोनदा रडायचं, दोनदा विकलं जायचं. गाणी स्वतः म्हणायची. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे, वयाने पन्नाशीचे, हार्मोनियमचे उस्ताद, आणि सिनेमाचं संगीतही त्यांचंच. म्हणजे सूर हलला तर समोरच्या नवऱ्यालाच कळणार! बाबूराव पेंढारकर आणि मास्टर विनायक यांच्यासारखी मुरलेली माणसं सेटवर. ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांकडे, आणि तेही ते तंत्र त्या वेळी शिकतच होते. मुंबईतल्या इंग्रजी शाळेतली मुलगी कोल्हापुरात येऊन या सगळ्यांकडून धंदा शिकली. 'संस्कार' घरून आले असतील, पण अभिनय पगारावर शिकलेला आहे.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला आणि जोरात चालला. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये दुर्गाबाई राणी झाल्या, पाळीव चित्ता शेजारी घेऊन. १९३६च्या 'अमरज्योती'मध्ये तर समुद्रावरची लुटारू. मधल्या काळात कलकत्त्याला जाऊन सिनेमे केले. कलाकार एका कंपनीचे मासिक पगारदार असण्याच्या त्या दिवसांत त्या एका कंपनीला बांधून घेऊन राहिल्या नाहीत. हे स्वातंत्र्य परवडायलाही पाठीशी काहीतरी असावं लागतं, आणि ते काय होतं हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल.

म्हणूनच दुर्गाबाईंच्या शेजारी मला दुसरी एक मुलगी उभी करायची आहे. १९२३ साली मुंबईत जन्मलेली रतन साळगावकर. तिच्या घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती. पण मधल्या पिढीने लग्नं करून, संसार मांडून 'चांगलं घर' व्हायची धडपड केली होती. घरात पैसे नव्हते, आणि तेराव्या वर्षाच्या आसपास रतन 'विजयाची लग्ने' या सिनेमाची नायिका झाली. तेव्हा प्रश्न आला नावाचा. साळगावकर हे नाव सिनेमात नको. घराण्याचं नाव खराब होईल. म्हणून नात्यातल्या इंदिराबाई वाडकरांचं आडनाव लावलं, पहिलं नावही बदललं, आणि ती हंसा वाडकर झाली. तिच्याच आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला, स्मिता पाटीलचा.

पाच वर्षांचं अंतर, एकच शहर, एकच धंदा, आणि दोघींनाही गरज पैशांचीच. एकीचं आडनाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत चढवलं, कारण त्याने तिकिटं खपणार होती. दुसरीचं खोडलं, कारण घराण्याने ती प्रतिष्ठा नुकतीच, मोठ्या कष्टाने मिळवली होती. दोघींनाही कुणी विचारलं नाही. पण पुढची वाट सारखी नव्हती. दुर्गाबाई पडद्यावरच्या राण्या आणि मग देशाच्या आई झाल्या, स्वतःची निर्मितीसंस्था काढली. हंसाबाईंनी लावणीपटांत आणि 'संत सखू'सारख्या सिनेमांत तितकंच ताकदीचं काम केलं, 'सांगत्ये ऐका' हा सिनेमा पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला, पण आयुष्याची फरफट थांबली नाही. १९७१ साली त्या गेल्या तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. हा फरक प्रतिभेचा नाही.

दोघींची आत्मचरित्रं तुम्हाला परदेशात मिळतील. मराठी वाचायला वेळ लागत असेल तर इंग्रजी अनुवाद आहेत. दुर्गाबाईंचा शांता गोखल्यांनी केलेला आहे आणि फार चांगला उतरलाय. पण हंसाबाईंचं शक्यतो मराठीतच वाचा, अरुण साधूंनी शब्दांकन करताना त्यांचं बोलणं जपलंय. पाठोपाठ वाचा. पुस्तकांची नावंही शेजारी ठेवून बघा: एक 'मी, दुर्गा खोटे', पूर्ण नावानिशी. दुसरं नुसतंच 'सांगत्ये ऐका'.

आणि 'अयोध्येचा राजा' बघायला मिळाला तर सोडू नका. त्या काळातले कितीतरी बोलपट नष्ट झाले, हा टिकला आहे. आवाज खरखरीत आहे, कॅमेरा फारसा हलत नाही, पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल. तारामतीच्या विक्रीपर्यंत थांबा.